अक्षराचं गाव कोणतं?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या अक्षरांविषयी बोलणार आहे, ती रेडिओवरून तुम्हाला दाखवता येणार नाहीत. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिली आहेत. १९९३ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'जुरासिक पार्क' आला. पुढच्या वर्षी तो हिंदीत बोलू लागला आणि आपल्याकडच्या लहान गावांतल्या टॉकीजपर्यंत पोचला. त्याचं पोस्टर आठवा. डायनासोरचा काळा सांगाडा आणि त्याला लागूनच चित्रपटाचं इंग्रजी नाव. ती अक्षरं जाडजूड आहेत. कुऱ्हाडीच्या चार घावांत ओंडका तासून काढावा, तशा त्यांच्या कडा आहेत. कुठे किंचित आत गेलेल्या, कुठे बाहेर आलेल्या. जिथे गोलाई हवी तिथेही कोपरे जाणवतात. वाचता येत नसलेल्या माणसालाही ती पाहून काहीतरी रांगडं, रानातलं, जुनंपुराणं वाटेल.

छपाईच्या भाषेत या अक्षरवळणाचं नाव आहे 'नॉयलांड'. शब्द जर्मन आहे आणि त्याचा अर्थ 'नवी भूमी'. गेल्या शंभर वर्षांत ही अक्षरं सफारीच्या माहितीपत्रकांवर आली, प्राणिसंग्रहालयांच्या पाट्यांवर आली, जंगलातल्या साहसकथांवर आली. त्याचबरोबर आफ्रिकेच्या आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या पुस्तकांवरही आली. जणू ती आफ्रिकेतच जन्मली असावीत. प्रत्यक्षात ती जन्मली जर्मनीत, माइन नदीकाठच्या ऑफेनबाख नावाच्या गावात. ती घडवणारा माणूस होता एक श्रद्धाळू ख्रिस्ती कारागीर. ऑफेनबाखपासून जंगलापर्यंतचा हा प्रवास कसा झाला आणि त्यात आपला काय संबंध, हे आज सांगायचं आहे.

कारागिराचं नाव रुडॉल्फ कोख. जन्म १८७६ सालचा, न्यूरेंबर्गचा. तरुणपणी त्यानं हानाऊ गावात धातूकामाची उमेदवारी केली. १९०६ साली तो ऑफेनबाखच्या टाइप फाउंड्रीत आला. ही फाउंड्री क्लिंग्स्पोर बंधूंची होती आणि पुढे त्यांच्याच नावानं ओळखली गेली. कोख तिथे अक्षरं घडवी आणि गावातल्या कलाशाळेत अक्षरलेखन शिकवी. पहिल्या महायुद्धात तो सैनिक म्हणून गेला आणि परतला. युद्धानंतर त्याची कार्यशाळा हे एक वेगळंच कुटुंब झालं. गुरू आणि शिष्य मिळून लाकूड कोरत, धातू ठोकत, कापड विणत. बायबलमधली वचनं विणलेले मोठमोठे पडदे या कार्यशाळेत तयार झाले.

नॉयलांड कसं घडलं ते समजायला जुन्या छपाईची पद्धत थोडी माहीत हवी. पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे असत आणि जुळारी ते एकेक उचलून ओळ जुळवीत असे, हे आमच्या पिढीनं पाहिलेलं आहे. तो खिळा ओतण्याआधी पोलादी सळीच्या टोकावर अक्षर उलटं कोरावं लागे. त्याला पंच म्हणत. हा पंच तांब्यावर ठोकला की तिथे अक्षराचा ठसा उमटे. त्या ठशात शिसं ओतलं की खिळा तयार. आपल्याकडे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा देवनागरी टाइप इतका देखणा झाला, त्यामागे पंच कोरणाऱ्या राणोजी रावजी आरूंचा हात होता. लहान, मध्यम, मोठा अशा प्रत्येक आकारासाठी सगळे पंच वेगळे कोरावे लागत. बहुतेक ठिकाणी चित्रकार कागदावर अक्षर काढून देई आणि कोरणारा ते धातूत उतरवी.

१९२३ साली कोखनं यातला कागदाचा टप्पाच गाळून टाकला. रेखाटन नाही, आराखडा नाही. त्यानं थेट धातूत अक्षरं कोरली. त्यामुळे अक्षराचा आकार हत्यारानं ठरवला. छिन्नी आणि कानस जिथे वळली तिथे अक्षर वळलं. आणि प्रत्येक आकारासाठी तो नव्यानं कोरत गेल्यामुळे लहान आकारातला 'ए' आणि मोठ्या आकारातला 'ए' हे सख्खे भाऊ असले तरी जुळे नव्हते. रोमन लिपीत मोठी आणि छोटी अशी दोन प्रकारची अक्षरं असतात. कोखनं फक्त मोठीच केली. ती एकमेकांना खेटून बसवली की पानावर काळ्या-पांढऱ्याचं घट्ट विणलेलं जाजम पसरल्यासारखं दिसतं. ज्याच्या कार्यशाळेत माग होता, त्यालाच हे सुचावं.

त्या वर्षीची जर्मनीही डोळ्यांसमोर आणली पाहिजे. युद्ध हरलेला देश. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला सुमारे ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. पावासाठी पिशवीभर नोटा न्याव्या लागत. अशा काळात कलावंत जुन्या, भक्कम गोष्टींकडे वळतात. जर्मन चित्रकारांची एक पिढी लाकडावर खरखरीत चित्रं कोरत होती. मध्ययुगीन जर्मन काष्ठचित्रं त्यांच्यासमोर होती, आणि वस्तुसंग्रहालयांत आणून ठेवलेली आफ्रिकेची व पॅसिफिक बेटांची लाकडी शिल्पंही त्यांच्यातल्या काहींनी पाहिली होती. म्हणजे त्या काळच्या हवेत आफ्रिका अगदीच नव्हती असं म्हणता येणार नाही. पण कोखची ओढ होती ती हातानं घडवलेल्या अक्षराकडे, जर्मन हस्तलिखितांकडे आणि धर्मवचनांकडे. नॉयलांड हे त्या ओढीचं फळ.

मग हे अक्षर अमेरिकेत गेलं, आणि तिथे त्याला नवीन पत्ता मिळाला.

अमेरिकेत जाड काळ्या अक्षरांचा आधीच एक इतिहास होता. १८२७ साली न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यानं लाकडी टाइप यंत्रानं भराभर बनवण्याची युक्ती काढली. शिशाची मोठी अक्षरं जड आणि महाग पडत. लाकडाची हलकी आणि स्वस्त. त्यामुळे मोठ्या अक्षरांची भित्तिपत्रकं सर्रास छापली जाऊ लागली. सर्कस, जत्रा, रामबाण औषधं, तंबाखू यांच्या जाहिराती अशा अक्षरांत असत. गुलामांच्या लिलावाच्या आणि पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिरातीही त्याच काळातल्या. सभ्य पुस्तकात बारीक, रेखीव टाइप, आणि रस्त्यावरच्या ओरडण्यासाठी जाड टाइप, अशी वाटणी वाचकांच्या डोळ्यांत पक्की बसली होती.

विसाव्या शतकात नॉयलांड तिथे पोचलं तेव्हा जाहिरातवाल्यांना ते आवडलं. ते लांबून दिसे, हातानं कोरल्यासारखं वाटे आणि जुन्या लाकडी टाइपची आठवण करून देई. पण त्या आठवणीबरोबर तिची वाटणीही आली. हे अक्षर रांगड्याचं, परक्याचं, दूरदेशीच्या नवलाईचं, असं ठरत गेलं. एका जाहिरातकारानं वापरलं, ते पाहून दुसऱ्यानं वापरलं. कोणी सभा भरवून ठराव केला नाही. अक्षरांचे अर्थ ठरावानं ठरत नाहीत. गावात एखाद्याला टोपणनाव पडतं, तसे ते पडतात. एकदा पडलं की खरं नाव कोणी विचारत नाही.

अमेरिकन डिझाइनर रॉब जिआम्पिएत्रो यांनी २००४ साली यावर एक निबंध लिहिला. नॉयलांड, आणि कॅरोल ट्वॉम्ब्ली यांनी १९८९ साली अडोबी कंपनीसाठी केलेलं 'लिथॉस', ही दोन अक्षरवळणं आफ्रिकन आणि आफ्रिकी-अमेरिकन माणसांची खूण कशी बनली, हा त्यांचा प्रश्न होता. लिथॉसची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. ते प्राचीन ग्रीक शिलालेखांवरून सुचलेलं आहे. म्हणजे एक अक्षर जर्मन ख्रिस्ती कारागिराचं, दुसऱ्याचं मूळ ग्रीक दगडात. आणि दोन्ही जाऊन बसली ती आफ्रिकेच्या नावावर. स्वतः आफ्रिकेला तिच्या लिप्या आहेत. इथिओपियाची गीझ लिपी दीड हजारांहून अधिक वर्षं लिहिली जाते. पश्चिम आफ्रिकेत वाई लिपी एकोणिसाव्या शतकात तयार झाली. पण 'आफ्रिकन वाटणारं' अक्षर हवं असलं की डिझाइनर तिकडे पाहत नाही. तो नॉयलांड काढतो.

'जुरासिक पार्क'चं उदाहरण मी याचसाठी घेतलं. त्या कथेतलं काल्पनिक बेट मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाजवळ आहे. प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेले. आफ्रिकेचा कुठेही संबंध नाही. तरीही अक्षर तेच चाललं, आणि चपखल बसलं. याचा अर्थ काय? ते अक्षर आफ्रिका असं म्हणतच नव्हतं. ते म्हणत होतं, 'इथे सुधारलेलं जग संपतं.' या एकाच अर्थाखाली डायनासोर, घनदाट रान आणि शहरात राहून कादंबरी लिहिणारा काळा लेखक हे तिघं एका रांगेत उभे केले गेले. डायनासोरची त्याबद्दल काही तक्रार नाही. लेखकाची असू शकते.

इथे कोणी म्हणेल, अक्षराला एवढं काय महत्त्व? मजकूर महत्त्वाचा. मीही शब्दांचा माणूस आहे, मला हे म्हणणं आवडलं असतं. पण आपण मजकूर वाचण्याआधी अक्षर पाहतो. लग्नपत्रिका, दहाव्याची चिठ्ठी, कोर्टाची नोटीस आणि तमाशाचा बोर्ड यांतला फरक लांबून, एक शब्दही न वाचता कळतो. माणूस दारात आला की तो बोलण्याआधी आपण त्याचे कपडे पाहतो, तसंच हे आहे. कपड्यांवरून काढलेला अंदाज कधी बरोबर असतो, कधी साफ चुकतो. पण तो काढला जातोच.

अक्षराला जात-धर्म चिकटवण्याचा खेळ सरकारनं हाती घेतला की काय होतं, ते कोखच्याच देशानं पाहिलं. जर्मन पुस्तकं सोळाव्या शतकापासून प्रामुख्यानं 'फ्राक्टुर' या टोकदार, मोडलेल्या रेषांच्या अक्षरांत छापली जात. बाकीचा युरोप गोलसर रोमन अक्षरांकडे गेला, जर्मनी फ्राक्टुरवर राहिला. कोणतं अक्षर खरं जर्मन, यावर वाद इतका पेटला की १९११ साली तो थेट संसदेत गेला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा टोकदार अक्षरं म्हणजे देशभक्ती असं वातावरण झालं. 'टॅनेनबर्ग' नावाचा जाड, काटकोनी, बुटांच्या टाचा आपटल्यासारखा टाइप त्याच काळात आला. बर्लिनच्या भुयारी रेल्वे स्थानकांच्या पाट्याही त्यात रंगल्या. १९३७ मध्ये ज्यू प्रकाशकांना फ्राक्टुर वापरण्यास बंदी झाली. अक्षर जर्मन आहे, तुमचं नव्हे, असा त्याचा अर्थ.

आणि ३ जानेवारी १९४१ रोजी एक परिपत्रक निघालं. हिटलरच्या वतीनं मार्टिन बोरमान यांनी काढलेलं. त्यात म्हटलं होतं की ही तथाकथित जर्मन अक्षरं मुळात ज्यूंची आहेत, म्हणून ती बंद करून यापुढे रोमन अक्षरं वापरावीत. चार वर्षांपूर्वी जे अक्षर ज्यूंना निषिद्ध होतं, तेच आता ज्यूंचं म्हणून सगळ्यांना निषिद्ध झालं. या दाव्याला इतिहासात कसलाही आधार नाही. अभ्यासक दुसरंच कारण सांगतात. जिंकलेल्या मुलखातल्या लोकांना जर्मन टोकदार अक्षरं वाचता येत नव्हती, आणि हुकूम तर वाचता यायला हवेत. त्या परिपत्रकाच्या कागदावर वर छापलेलं पक्षाचं नाव मात्र त्याच टोकदार अक्षरांत होतं. नवे कागद छापून यायचे असावेत. आणि आज? आज अनेकांना ती अक्षरं पाहिली की नाझीच आठवतात. बंदी ज्यांनी घातली, त्यांच्याच नावावर ते अक्षर जमा झालं. त्याच घराण्यातल्या अक्षरांत 'न्यूयॉर्क टाइम्स'चं नाव रोज छापलं जातं, तिथे मात्र कोणाला नाझी आठवत नाहीत.

कोख हे पाहायला नव्हता. तो एप्रिल १९३४ मध्ये गेला. पण त्याच्या एका शिष्याची हकिगत सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. बेर्टोल्ड वोल्पे हा ऑफेनबाखचाच मुलगा, १९०५ सालचा, ज्यू घरातला. कोखच्या हाताखाली तो शिकला, पुढे शिकवूही लागला. काशाच्या पत्र्यावर तो उठावाची अक्षरं घडवी. अक्षराच्या भोवतालचा धातू छिन्नीनं काढून टाकायचा आणि अक्षर तेवढं वर ठेवायचं, अशी ती रीत. बाहेरून आत कोरत आल्यामुळे अक्षरं जाड, साधी आणि कडांना धारदार होत. लंडनच्या मोनोटाइप कंपनीचे स्टॅन्ली मॉरिसन यांनी ती पाहिली आणि १९३२ साली त्यावरून टाइप करायला सांगितलं. त्यातून 'अल्बर्टस' हे अक्षरवळण जन्मलं. दरम्यान नाझी राजवटीत वोल्पेचं काम बंद पडलं. १९३५ मध्ये तो इंग्लंडला गेला. युद्ध सुरू झाल्यावर तिथे तो जर्मन म्हणून शत्रू देशाचा नागरिक ठरला, आणि त्याला ऑस्ट्रेलियातल्या छावणीत पाठवण्यात आलं. जर्मनीत तो जर्मन नव्हता, इंग्लंडमध्ये तो जर्मनच होता.

१९४१ साली सुटून आल्यावर वोल्पे 'फेबर अँड फेबर' या प्रकाशनात रुजू झाला. पुढची तीन दशकांहून अधिक काळ त्यानं त्यांची मुखपृष्ठं केली. इंग्रजी कवितेची कितीतरी पुस्तकं त्याच्या अक्षरांत वाचकांसमोर आली. आज लंडनच्या सर्वांत जुन्या भागात, 'सिटी ऑफ लंडन'मध्ये गेलात तर रस्त्यांच्या नावांच्या पाट्या अल्बर्टसमध्ये दिसतील. ऑफेनबाखहून हाकललेल्या ज्यू मुलाचं अक्षर लंडनकरांना आता अस्सल लंडनचं वाटतं. नॉयलांड आणि अल्बर्टस एकाच कार्यशाळेच्या अंगणातली भावंडं. दोन्ही जाड, दोन्ही छिन्नीतून आलेली. एक जंगलाच्या पाटीवर गेलं, दुसरं शहराच्या. अक्षरांच्या रेषांत असं काही नव्हतं की ज्यामुळे हे आधीच ठरावं. कोणी कोणतं काम दिलं, एवढाच फरक.

अशी वेश चढवलेली अक्षरं जगात पुष्कळ आहेत. १८८३ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या एका फाउंड्रीनं 'चायनीज' नावाचा टाइप काढला, ज्यात रोमन अक्षरं कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारखी दिसतात. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेनं चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. माणसाला दार बंद, पण त्याच्या अक्षराचं सोंग बाजारात. पुढे चिनी खानावळींच्या मालकांनीही तेच अक्षर पाट्यांवर लावलं, कारण गिऱ्हाईक ते पाहून आत येई. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना याचा भारतीय प्रकार ठाऊक असेल. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेषा ओढायची, दोन-चार वेलांट्यांसारखे फराटे द्यायचे, की झालं 'इंडियन' हॉटेल. मालक आपलाच असतो आणि अक्षरही त्यानंच निवडलेलं असतं. त्याला मी दोष देणार नाही. दुकान चालवायचं तर पाटी दुरून कळली पाहिजे. स्वतःच्या दुकानावर स्वतः लावलेली पाटी आणि दुसऱ्यानं न विचारता पाठीवर चिकटवलेली पाटी, यांत मात्र फरक आहे.

देवनागरीलाही असा एक वेश शिवलेला आहे. बिर्याणीच्या गाड्यावर, कव्वालीच्या जाहिरातीवर तुम्ही तो पाहिला असेल. अक्षरांच्या शेपट्या लांबवून उर्दूसारख्या झोकदार करायच्या आणि नुक्त्यासारखे चौकोनी ठिपके पेरायचे. कव्वालीच्या जाहिरातीवर ते मलाही छान वाटतं. पण काही वर्षांपूर्वी माझा एक कवितासंग्रह निघाला आणि त्याचं नाव नेमकं याच अक्षरांत, हिरव्या कमानीखाली छापून आलं. आतल्या कविता दुष्काळावर, एसटी स्टँडवर, आईच्या दम्यावर आणि भुईमुगाच्या काढणीवर. कमान त्यात कुठेच नव्हती. मुखपृष्ठ करणारा मुलगा गुणी होता, मनाचा चांगला होता. मी विचारलं तेव्हा तो सहज म्हणाला, "सर, तुमचं नाव बघितलं आणि वाटलं, असंच हवं." कविता त्यानं वाचल्या नव्हत्या. त्याला कोणी वाचायला दिल्याही नव्हत्या.

याचा परिणाम लहानसा होता, पण सांगण्याजोगा आहे. एका ग्रंथालयात ते पुस्तक अनुवादित साहित्याच्या कपाटात सापडलं. एका कार्यक्रमात एका बाईंनी आपुलकीनं विचारलं, "मूळ उर्दूत या कवितेचं नाव काय हो?" मूळ मराठीतच होतं. माझ्या आईनं मला मराठीतच रागावलं, मराठीतच जोजवलं. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, तेव्हा मराठीला ते परकं वाटलं नाही. उर्दू ही फार सुंदर भाषा आहे, ती मला येते आणि आवडते. पण जे मी मराठीत लिहिलं, ते एका अक्षरवळणानं अनुवाद ठरवून टाकलं. कोणी वाईट हेतूनं केलं नाही, हे मी पुन्हा सांगतो. नॉयलांडच्या बाबतीतही बहुतेकांचा हेतू वाईट नव्हता. हेतू चांगला असूनही माणूस एका खणात बंद होतो, म्हणून तर हे बोलायला हवं.

यावर उपाय अक्षरावर बंदी हा नव्हे. १९४१ सालानं ते शिकवलं आहे. बंदीनं अक्षराचा कलंक जात नाही, उलट तो चिकटून बसतो. उपाय वापरातच आहे. अल्बर्टसला रस्त्यांच्या नावांचं आणि कवितांचं काम मिळालं, म्हणून ते शहराचं झालं. नॉयलांडलाही वेगळं काम देता येईल. ते प्रार्थनेला चालेल, नाटकाच्या जाहिरातीला चालेल, थंडीतल्या जर्मन गावाच्या वर्णनालाही चालेल. जिथून ते आलं तिथे ते परत नेता येईल.

आता अक्षरं संगणकात असतात. एकच रेखाटन हवं तेवढं लहानमोठं करता येतं आणि यादीतून एका टिचकीत निवडता येतं. कोखला प्रत्येक आकारासाठी नव्यानं कोरावं लागलं. त्यात वेळ गेला, पण प्रत्येक वेळी त्याला त्या अक्षराकडे पुन्हा पाहावं लागलं. ही पाहण्याची सवय मात्र हत्यार बदललं तरी ठेवता येईल.

मुखपृष्ठं आणि पाट्या करणाऱ्या तरुण मित्रांना म्हणून एवढंच सांगणं आहे. लेखकाच्या नावावरून अक्षर ठरवू नका. पुस्तक हाती आलं की आधी चार पानं वाचा, कविता असतील तर चार कविता वाचा. त्यानंतर तुम्ही निवडाल ते अक्षर मला चालेल, अगदी कुऱ्हाडीनं तासलेलं असलं तरी.